दीड फूट मुरूम

वर्धा,
२० एप्रिल २०२५

ती. मोठे बाबांना मोनालीचा सविनय जयभीम. वि. वि.

तासाभराच्या अंतरावर राहणारी पुतणी पत्र काऊन लिहून राह्यली, असं तुम्ही म्हणाल. तर कारण तुम्हीच आहात. फोनवर तुम्ही नुसतं हाव, हाव करता आणि फोन ठेवला की मोठ्या आईला विचारता, पोट्टी काय म्हणे? तीस वर्षं काँक्रीटच्या मिक्सरजवळ उभं राहून कान गेले, हे मान्य. पण कानाचं मशीन घ्या म्हटलं तर म्हणता, आता ऐकण्यासारखं उरलं काय आहे. बाबांसोबत निरोप पाठवावा तर ते अर्धा विसरतात आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतःचं मत घालतात. म्हणून हे बंद पाकीट. बाबा पुलगावला ड्यूटीवर जाताना स्टेशनावर गोपालच्या दुधाच्या गाडीवर देतील, तो संध्याकाळी गावात आणेल. पोस्टमननं पाकीट फोडलं तर मला कळवा, त्याचा डबा बंद करते.

बातमी चांगली नाही. गेटच्या परीक्षेत माझे मार्क असे आले की ज्यांना धड पासही म्हणता येत नाही आणि नापासही. मार्कांवर थेट प्रवेश कुठल्याच मोठ्या संस्थेत मिळणार नाही. फक्त दोन ठिकाणांहून मुलाखतीला बोलावणं आलं. त्यातलं पहिलं १६ तारखेला ऑनलाइन झालं. जयंतीच्या मिरवणुकीत न येता मी अभ्यास करत बसले होते ना, त्याचं फळ म्हणजे बारा मिनिटांत धन्यवाद. त्यांनी विचारलं, की लॅब जवळ नसताना फुगणारी माती कशी ओळखशील. मी पाच टेस्टची नावं सांगितली, पाचही लॅबमधल्या. समोरचे सर चष्मा पुसायला लागले तेव्हाच मी समजले.

आता दुसरी मुलाखत ६ मेला चेन्नईत, समोरासमोर. माती आणि पाया या विषयात एम. एस. जागा सहा आहेत, बोलावले चाळीस. घरी बसून अभ्यास करायचा बाबांशी माझा करार एका वर्षाचा होता, तो जूनमध्ये संपतो. ही जागा हुकली तर सावंगीला एका ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून रुजू व्हायचं आहे. ते काम वाईट नाही, पण मला शिकायचं आहे हो. खूप शिकायचं आहे.

म्हणून आता पुस्तक बाजूला ठेवून तुमच्याकडे आले. तुम्ही नुसती जागा पाहून सांगत होता की इथं माती घर हलवेल. कसं ओळखत होता ते सविस्तर लिहा. आणि अक्षर नेहमीसारखं चांगलं काढा, नाहीतर मोठ्या आईकडून शुद्धलेखन तपासून घेईन.

मोठ्या आईला जयभीम. माया आहे तशीच राहू द्यावी, सल्ला मात्र जास्त पाठवावा.

तुमची,
मोनाली


मु. कोसुर्डी, पो. पुलगाव
दि. २४ एप्रिल

चि. मोनालीस मोठ्या बाबाचा अनेक आशीर्वाद. पत्र देण्यास कारण की, तुझं पत्र पोचलं, पाकीट बंदच होतं, तुया बापाचा डबा चालू ठेव.

वाचून लय मजा आली. चार वर्ष इंजिनिअरिंग शिकली, एक वर्ष घरात बसून शिकली, अन् शेवटी सातवी पास मिस्त्र्याले विचारून राह्यली, माती कशी ओळखाची. आता एक काम कर, तुये सर्टिफिकिट मले पाठवून दे, मी भितीले लावतो. तुले मी थापी पाठवतो.

बरं, आता ऐक. काळी माती ओळखाले लॅब कायले पाहिजे? मे महिन्यात वावरात जाय. भेगीत हात घाल. कोपरापर्यंत गेला तं समज की इथं माती जागेवर राहत नाई. पावसाळ्यात त्याच वावरात चप्पल घालून दहा पावलं चाल. एकेक चप्पल किलोभर झाली तं समज तेच. वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या बादलीत टाक. मुरमाचं ढेकूळ गुमान विरघळते, काळीचं फसफसते, फुगते, अन् घटकाभरानं पायतं तं दुप्पट. जुन्या घराचे दरवाजे पाह्य. उन्हाळ्यात लागते अन् पावसाळ्यात नाई लागत, का उलटं, हे घरच्या बाईले विचार. बाई बराबर सांगते, मालक सांगत नाई, तो चौकटीले शिव्या देते.

अन् उपाय एकच. काळी माती खोदून फेकून द्याची अन् तिच्या जागी तीन फूट मुरूम भराचा. एकदम नाई, थरा-थरानं, पाणी मारून, कुटून. तीन म्हणजे तीन. मुरमाची गादी असली तं खालची माती कितीही फुगो, वरच्या घराले झोप लागते.

आता तू विचारशील, मोठे बाबा, मंग विहाराचं काय झालं? ते नको विचारू. आपल्या गावचा विहार मी बांधला, पाच वर्षांनी कोपऱ्यात तडा गेला, अन् तेव्हापासून मी पायाचं काम घेत नाई. प्लास्टर करतो, टाईल लावतो, झालं. सात वर्ष झाले या गोष्टीले. ती सोडून काई पण विचार.

तुयी मोठी आई जयवंता म्हणते, चेन्नईले डाळभाजी भेटत नाई, सोबत नेजो. मी म्हटलं, पोरगी मुलाखतीले चालली, लग्नाले नाई. तरी ती चिवडा करून राह्यली.

घाबरजो नको. माया तं आहेच, कान नसले म्हणून काय झालं.

तुया मोठा बाबा,
नानाजी थूल


वर्धा,
९ मे

ती. मोठे बाबांना सविनय जयभीम. वि. वि.

काल सकाळी सेवाग्राम स्टेशनावर उतरले. चिवडा चेन्नईपर्यंत पुरला नाही, बल्लारशालाच संपला. डब्यातल्या एका काकूंनी रेसिपी विचारली, मोठ्या आईला सांगा.

आता मुलाखत. मोठे बाबा, हे पत्र मी तीनदा फाडलं आहे. तुम्ही रागावणार, हे धरूनच लिहिते.

समोर चौघं होते. तिघं सर आणि एक पिकल्या केसांच्या मॅडम, टेबलाखाली चपला काढून बसलेल्या. फुगणारी माती कशी ओळखशील, हे इथंही विचारलंच. मी तुमची भेग सांगितली, चप्पल सांगितली, बादलीतलं ढेकूळ सांगितलं. दरवाजाचं घरच्या बाईला विचारायचं, हे सांगितलं तेव्हा एक सर हसले आणि म्हणाले की त्यांच्या घरीही चौकटीलाच शिव्या पडतात. वीस मिनिटं झाली तरी कोणी धन्यवाद म्हणेना. मला वाटलं, जिंकले.

आणि इथंच माझी जीभ घसरली. मॅडमनी विचारलं, की मातीमुळे बिघडलेली एखादी इमारत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेस का. मी म्हणून गेले, की हो, आमच्या गावचा विहार. माझ्या मोठ्या बाबांनी बांधला, त्यांची पायाच्या कामात चूक झाली आणि भिंतीला तडा गेला. तुम्ही ज्याचं नावही काढू देत नाही, ते मी चार परक्या माणसांपुढे एका जागेसाठी बोलले.

पण पुढं ऐका. मॅडमनी विचारलं, काय चूक. मला सांगता येईना. तडा वर रुंद आहे की खाली? माहीत नाही. उन्हाळ्यात उघडतो की पावसाळ्यात? माहीत नाही. आजूबाजूला वीस फुटांत काय काय आहे? तेही माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, की सात वर्षं त्या भिंतीसमोर बसून वंदना म्हणतेस, एकदाही मान वर करून पाहिलं नाहीस, आणि चूक कोणाची ते मात्र तुला पक्कं माहीत आहे. एवढी लाज मला कधी वाटली नाही. निघताना त्या म्हणाल्या, की १६ मेच्या रात्रीपर्यंत पाहून कळव, निकाल त्यानंतर लागेल.

म्हणजे जागा आता त्या तड्यात अडकली आहे. मी उद्या सकाळच्या गाडीनं येऊन पाहू शकते, फोटो काढू शकते, कोणाला कळणारही नाही. पण भिंत तुमची आहे. तुमच्या पाठीमागं एकदा बोलले, तेवढं पुरे. तुम्ही हो म्हणाल तरच येईन, नाहीतर मॅडमना कळवते की जमलं नाही. खरंच तसं कळवेन.

रागवा, पण उत्तर द्या. तुमच्या मायेवर माझा हक्क अजून शिल्लक असेल असं समजते.

तुमची चुकलेली,
मोनाली


कोसुर्डी,
दि. १३ मे

चि. मोनालीस आशीर्वाद. पत्र देण्यास उशीर झाला कारण की राग आला होता.

लपवत नाई, लय राग आला. गावात तं माहीतच होतं, आता तू मद्राशेपर्यंत नेऊन वाटलं. दोन दिवस मी जयवंताशी पण बोललो नाई, तिचा काई संबंध नसताना. तिसऱ्या दिवशी तिनं भाजीत मीठच टाकलं नाई अन् म्हणे, बोलाचं असन तं मीठ मांगा. मंग बोलाच लागलं.

तिनं तुझं पत्र वाचलं अन् एकच म्हटलं, की पोरगी न विचारता येऊ शकत होती, तरी विचारून राह्यली. मंग मी ओळंबा शोधून काढला. तुले येण्याची गरज नाई. मीच गेलतो.

काल बुद्धपौर्णिमा होती. लोकं वंदनेले येतील त्याच्या आधी, उजाडता उजाडता विहारात गेलो. ओळंबा घेतला, फूटपट्टी घेतली. सात वर्ष मी त्या बाजूनं बसत नाई, हे कोणाच्या ध्यानात आलं का नाई माहीत नाई. सगळ्यात मांगं, दरवाज्यापाशी बसतो. काल लय वर्षांनी भितीसमोर उभा राह्यलो. वाटलं होतं, लय मोठा असन. तेवढा मोठा नाई वो तो. इतके वर्ष मी मनातच वाढवला होता.

आता लिहून घे. तडा ईशान्येच्या कोपऱ्यात आहे. वर रुंद, माझं बोट जाते. खाली येता येता बारीक, जोत्यापाशी पोस्टकार्ड पण जात नाई. भिंत ओळंब्यात नाई, कोपरा बाहीर अन् खाली झुकला आहे, पाऊण इंच. उन्हाळ्यात उघडतो. दिवाळीले मिटतो, सुरुवातीच्या दोन वर्षी मी तेव्हाच सिमेंट भरून पाह्यलं, मे महिन्यात ते गळून पडलं. वीस फुटांत काय आहे म्हणतं तं एका बाजूनं सभामंडपाची फरशी, एका बाजूनं रस्ता, अन् कोपऱ्यापासून नऊ फुटांवर पिंपळ, आता विहारापेक्षा उंच झाला. तो कोणी लावला, आठवते का? उद्घाटनाच्या दिवशी स्कॉलरशिपवाली पोरगी म्हणून भन्तेजींनी तुयाच हातानं लावला होता. तू नवा फ्राक चिखलानं भरवला अन् तुया मायनं सगळ्यांसमोर तुले धुतलं.

कागदावर नकाशा काढला आहे, माप टाकले आहेत. तुया मॅडमले दाखवजो अन् सांगजो, मिस्त्र्याच्या रेघा सरळ असतात.

राग गेला नाई, अर्धा राह्यला आहे. माया पुरी आहे.

नानाजी


वर्धा,
१४ मे

ती. मोठे बाबांना सविनय, साष्टांग आणि उड्या मारत जयभीम!

मोठे बाबा, चोर सापडला. चोर मी आहे!

नकाशा पाहिला आणि खुर्चीवरून उठलेच. झाड उन्हाळ्यात काळ्या मातीतलं पाणी ओढून घेतं. माती आकसते, तेवढाच कोपरा खाली बसतो, म्हणून भिंत वरून फाकते. पावसाळ्यात माती पुन्हा फुगते, कोपरा वर येतो, दिवाळीपर्यंत तडा मिटतो. तुम्ही मिटलेला तडा भरत होता, मग तो मेमध्ये गळणारच. वर रुंद, उन्हाळ्यात उघडा, झाड नऊ फुटांवर. पुस्तकात अगदी असंच दिलं आहे, फक्त पुस्तकात पिंपळ नाही, परदेशातलं कुठलं तरी झाड आहे.

तुम्ही सात वर्षं मागं दरवाज्यापाशी बसलात आणि तडा पाडला माझ्या पिंपळानं. फ्राक भरला म्हणून आईनं मारलं ते कमीच होतं.

मॅडमना मेल लिहून तयार ठेवली आहे. त्यात लिहिलं आहे, की पाया पूर्ण योग्य होता, तीन फूट मुरूम थराथरानं भरला होता, दोष फक्त झाडाचा. बोधिवृक्ष आहे, तोडता येणार नाही, म्हणून झाड आणि भिंतीच्या मध्ये खोल चर खणून मुळं अडवायची, हा उपायही दिला आहे. उद्या एकदा वाचून परवा पाठवते. मला वाटतं जागा मिळते, मोठे बाबा. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमच्यावरचा डाग गेला. आता रविवारी पुढं बसा, ऐटीत.

उरलेला अर्धा राग या पत्रासोबत परत पाठवावा. माया ठेवून घ्यावी.

तुमची,
पिंपळवाली


कोसुर्डी,
१५ मे, सकाळी

चि. मोनाली,

मेल पाठवू नको. गोपालले पहिल्या गाडीनंच पाठवून राह्यलो, दूध नंतर नेईन म्हणे.

तुझं पत्र वाचून जयवंता रडली. खुशीनं रडली, म्हणे सात वर्षांचं ओझं उतरलं. तिच्यासमोर मी काई बोललो नाई. पण तुले बोलाच लागन, कारण तू ते लिहून पाठवून राह्यली, अन् खाली तुझं नाव आहे.

तीन फूट मुरूम तीन कोपऱ्यात आहे. ईशान्येले दीड फूटच आहे.

उद्घाटन धम्मचक्र दिनाले ठरलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, भन्तेजींची तारीख पक्की होती. शेवटच्या कोपऱ्याले मुरूम कमी पडला. मुरूम आणणाऱ्या पुंडलिकरावनं ट्रॅक्टर दुसरीकडं लावला होता, चार दिवस थांबा म्हणे. मी थांबलो नाई. मले वाटलं, दीड फुटानं पण चालून जाईन, कोण पाहाले येते जमिनीखाली. वरून काँक्रीट टाकलं, झाकून गेलं. तो कोपरा मी एकट्यानं भरला. कोणाले माहीत नाई, तुया बापाले नाई, जयवंताले पण नाई.

तडा गेला तेव्हा सगळे म्हणत, नानाजी, माती खराब आहे, तुमची काय चूक. मी काई बोललो नाई. लोकं मले चांगलं म्हणत अन् मले ते काट्यासारखं टोचे. म्हणून पायाचं काम सोडलं.

पिंपळाचं तू म्हणतं ते खरं असन. पण त्यानं पुरा मुरूम असलेला कोपरा एवढा हलवला असता का, हे तू मले सांग, मी नाई सांगू शकत. तुले जागा भेटली नाई तरी चालन. माया हिश्श्याचं खोटं तुया कागदावर नको. मले माफ करजो, तू एवढी खुश होती.

तुया मोठा बाबा


वर्धा,
३० मे

ती. मोठे बाबांना सविनय जयभीम. वि. वि.

पंधरा दिवस पत्र नाही, कारण निकालाशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मोठी आई फोनवर रोज विचारत होती, मी रोज टाळत होते.

तुमचं पत्र आलं तेव्हा आधी मी तुमच्यावरच चिडले. वाटलं, एक दिवस गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? माझी मेल किती छान झाली होती! खरं सांगते, तुमचं पत्र दोन तास उशीखाली दडवून ठेवलं. जेवले नाही. आईनं विचारलं तर डोकं दुखतं म्हणाले. मग विचार केला, की हा माणूस बारा वर्षं जे कोणाला बोलला नाही, ते माझं नाव खोट्याखाली जाऊ नये म्हणून बोलला. आणि मी त्याचंच पत्र उशीखाली दाबून बसले. उठले आणि सगळी मेल पुसून नवी लिहिली. झाड, दीड फूट, दोन्ही लिहिलं. कशाचा वाटा किती, हे मला आज सांगता येत नाही, हेही लिहिलं. उत्तर आता तेवढं सरळ राहिलं नव्हतं. पाठवलं.

मॅडमचा एका ओळीचा प्रश्न आला, की दीड फूट कोणी मोजला. मी लिहिलं, ज्यानं भरला त्यानंच सांगितलं. त्यावर काहीच उत्तर नाही. तेरा दिवस!

आज दुपारी यादी लागली. सहा नावं आहेत. पाचवं मोनाली राकेश थूल.

मोठे बाबा, मी आनंदानं इतकी ओरडले, की तुम्हालाही ऐकू आलं असेल. बाबा ड्यूटीवरून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन परत आले आणि अर्धा निरोप विसरायची संधी न देता मी त्यांना पूर्ण बातमी तीनदा सांगितली. १७ जुलैला हजर व्हायचं आहे. आधी वाटत होतं की तुमच्या खरं बोलण्यानं जागा गेली. आता मला कळत नाही की कशानं मिळाली, आणि विचारायला भीतीही वाटते.

तुम्ही माफी मागितली होती. ती परत घ्या, माझ्याकडं ठेवायला जागा नाही.

माया जशी आहे तशी चेन्नईच्या पत्त्यावर वळती करावी.

तुमची,
मोनाली


कोसुर्डी,
२ जून

चि. मोनालीस मोठ्या बाबाचा आणि मोठ्या आईचा लय लय आशीर्वाद.

पत्र गोपालनं रस्त्यातच दिलं, मी रस्त्यातच वाचलं अन् रस्त्यातच रडलो. लोकांले वाटलं कोणी गेलं. मंग सांगतलं तं गोपालनं दुधाचा कॅन तिथंच उघडला अन् सगळ्यांले चहाले दूध वाटलं, त्याच्या मालकिणीले कळवजो नको.

तू कागदावर लिहिलं, मंग मले पण तोंडानं बोलाच लागलं. काल रविवारच्या वंदनेनंतर उभा राह्यलो अन् सगळ्यांसमोर सांगतलं, ईशान्येचा कोपरा दीड फुटावर आहे, मी भरला, मी झाकला. जयवंताले आदल्या रात्रीच सांगतलं होतं, ती बाजूले उभी राह्यली. कान नसण्याचा एक फायदा, लोकं काय कुजबुजले ते आलं नाई. मी डोळे पाहून राह्यलो फक्त. मंग पुंडलिकराव उठले अन् माया कानापाशी येऊन ओरडले, की मंग आता पुरा कर.

बस, एवढंच. कोणी शिवी दिली नाई, कोणी पाठ पण थोपटली नाई. कामच दिलं.

तं पाऊस लागाच्या आत काम उरकाचं आहे. तू सांगतलेला चर पिंपळाच्या बाजूनं, सहा फूट खोल, अन् कोपऱ्याच्या खालून थोडं थोडं खोदून मुरूम पुरा कराचा. पायाचं काम सात वर्षांनी हातात घेऊन राह्यलो, थापीचा दांडा नवा बसवला. आठ तारखेले सुरू. मजूर आहेत, ट्रॅक्टर पुंडलिकराव स्वतः चालवणार आहे.

तू त्या दिवशी येजो. काम कराले नाई. टेप घेऊन कोपऱ्यात उभी राहजो अन् काँक्रीट पडाच्या आधी सगळ्यांसमोर मोजजो. तीन फुटाले एक इंच पण कमी भरला, तं मोठ्यानं सांगजो. मले ऐकू नाई आलं तं हात धरून सांगजो.

तुया,
नानाजी मिस्त्री